दोन टेकूंवरचा बीम: कुठल्या भिंतीवर किती ओझं?

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात मामाच्या मळ्यात एक जुनी विहीर आहे. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो, म्हणजे स्वतःला अर्धा इंजिनिअर समजत होतो, तेव्हा त्या विहिरीतली मोटर जळाली. ती वर काढायला मामानं विहिरीवर एक लोखंडी गर्डर आडवा टाकला. काठापासून काठापर्यंत तीन मीटर. मोटर एका काठाला चिकटून होती, म्हणून चेन ब्लॉकही (ओझं उचलायची साखळी-कप्पी) त्याच काठापासून साठ सेंटिमीटरवर अडकवला. मोटर, पाइप आणि साखळी मिळून २४० किलो. मामानं विचारलं, "काठ सोसेल काय रे?" मी ऐटीत म्हणालो, "१२० इकडं, १२० तिकडं. काय होतंय?"

मोटर पाण्याबाहेर आली आणि जवळच्या काठाचे दोन दगड निसटून खाली गेले. नशिबानं विहिरीत कोणी उतरलेलं नव्हतं.

त्या काठावर १२० नव्हे, १९२ किलो आले होते आणि लांबच्या काठावर फक्त ४८. हेच गणित मी आदल्याच सेमिस्टरला परीक्षेत सोडवलं होतं, मार्कही पडले होते. पण कागदावरची 'रिॲक्शन', म्हणजे टेकूनं ओझं पेलताना बीमला उलट लावलेलं बल, आणि मामाच्या विहिरीचा काठ ही एकच गोष्ट आहे हे डोक्यात शिरलं नव्हतं. आता संध्याकाळी बेळगावच्या वडगावात डिप्लोमाची पोरं घरी येतात. शाळा मराठीत झालेली, पुस्तक इंग्रजीत, साइटवर मिस्त्री कन्नडमध्ये बोलणारा. पहिला प्रश्न ठरलेला: "सर, ह्याचा फॉर्म्युला सांगा की." फॉर्म्युला मी शेवटपर्यंत सांगत नाही. रिॲक्शन काढणं म्हणजे ओझ्याची वाटणी करणं. घरच्या जमिनीच्या वाटणीत जसं आधी सगळं मोजून घेतात, मग कुणाला काय ते ठरवतात, तसंच इथंही.

हा बीम कुठला?

सिम्प्ली सपोर्टेड बीम म्हणजे दोन टोकांना नुसता टेकवलेला बीम. जुन्या कौलारू घरातली तुळई आठवा. कन्नड मिस्त्री तिला तोले म्हणतो. ती भिंतीवर बसलेली असते, भिंतीत आवळून धरलेली नसते. ओझ्यानं थोडी वाकली तर टोकं जराशी फिरतात आणि भिंत त्यांना फिरू देते.

पुस्तकात एका टोकाला पिन आणि दुसऱ्याला रोलर दाखवतात. पिन बीमला वर-खालीही जाऊ देत नाही आणि आडवंही सरकू देत नाही. रोलर फक्त खालून उचलून धरतो, आडवं सरकायला त्याची हरकत नसते. म्हणजे अनोळखी गोष्टी तीन: पिनवरची उभी रिॲक्शन, पिनवरची आडवी रिॲक्शन, रोलरवरची उभी रिॲक्शन. आपल्याकडं संतुलनाच्या अटीही तीनच असतात. उभ्या बलांची बेरीज शून्य, आडव्या बलांची बेरीज शून्य, आणि कुठल्याही एका बिंदूभोवतीच्या मोमेंटची (फिरवण्याच्या जोराची, म्हणजे बल गुणिले अंतर) बेरीज शून्य. तीन अनोळखी, तीन समीकरणं, म्हणून हा बीम नुसत्या संतुलनावर सुटतो. स्टील आहे की सागवान, जाड आहे की बारीक, ह्यानं वाटणी बदलत नाही.

एक टोक मोकळं का सोडायचं, असं पोरं विचारतात. लोखंड एक अंश तापलं की दर मीटरला सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढतं. वीस मीटरचा गर्डर सकाळपासून दुपारपर्यंत पंचवीस अंश तापला तर ६ मिलिमीटर लांबतो. दोन्ही टोकं जखडली तर तेवढी लांबी जाणार कुठं? खांबच ढकलले जातील. कुठल्याही गर्डरच्या उड्डाणपुलाखाली उभं राहून वर बघा, गर्डर आणि खांबाच्या मध्ये बहुतेक वेळा काळ्या रबरी गाद्या दिसतात. त्या ह्याच कामाच्या.

तीन खांबांवरून सलग गेलेला काँक्रीटचा बीम ह्या पद्धतीनं सुटत नाही, कारण अनोळखी वाढतात आणि समीकरणं तेवढीच राहतात. गोकाक धबधब्याजवळचा झुलता पूलही ह्यात बसत नाही. तो टेकवलेला नाही, टांगलेला आहे.

पेन उचलण्याआधी कावड

दोन माणसं दोन मीटरच्या बांबूला ५० किलोचं पोतं बांधून खांद्यावर नेतात. पोतं मध्यावर असेल तर दोघांना २५-२५. पोतं पुढच्या माणसापासून अर्ध्या मीटरवर सरकवलं की पुढचा कुरकुरतो, मागचा खूश. पुढच्याला ३७.५ किलो, मागच्याला १२.५. ज्याच्या जवळ ओझं, त्याच्या वाट्याला जास्त. एका माणसाच्या वाट्याला किती येईल हे ओझं *दुसऱ्या* माणसापासून किती लांब आहे त्यावर ठरतं. पुढच्याचा वाटा म्हणजे ५० गुणिले १.५ भागिले २. हा १.५ मागच्या माणसापासूनचा आहे. पोरं इथं हमखास अंतरं उलटी घालतात.

म्हणून माझ्याकडं नियम असा, की आकृती बघायची आणि गणित सुरू करण्याआधी वहीच्या कोपऱ्यात लिहायचं: 'ए जास्त' किंवा 'बी जास्त' (ए म्हणजे डावा टेकू, बी म्हणजे उजवा), आणि साधारण किती. चुकलं तरी चालेल, पण लिहायचंच. ह्याचा उपयोग पुढं दिसेल.

एक खरं गणित, पायरी-पायरीनं

समजा खानापूर रोडवर एका घराच्या गच्चीवर पाण्याची टाकी ठेवायची आहे. दोन भिंतींवर २०० चा आय-बीम, म्हणजे २०० मिलिमीटर उंचीचा, इंग्रजी 'आय' अक्षराच्या आकाराचा लोखंडी बीम टाकला आहे. डाव्या भिंतीला ए म्हणू, उजव्या भिंतीला बी.

पहिलं काम लांबी. दोन भिंतींमधलं आतलं अंतर ३.९ मीटर, आणि बीम दोन्हीकडं १०० मिलिमीटर भिंतीवर बसलाय. टेप आतून लावून ३.९ लिहिलंत तर चुकलात. रिॲक्शन बैठकीच्या मध्यावर धरतात, म्हणून लांबी मध्यापासून मध्यापर्यंत ४ मीटर.

दुसरं काम ओझ्यांची यादी. ह्यात जो आळस करेल त्याचं पुढचं सगळं गणित कितीही सुबक असलं तरी फुकट.

बीमचं स्वतःचं वजन: २०० चा आय-बीम मीटरला साधारण २५ किलो भरतो, म्हणजे ०.२५ किलोन्यूटन. चार मीटरचे १ किलोन्यूटन. (किलोन्यूटन म्हटल्यावर बिचकू नका. १ किलोन्यूटन म्हणजे १०२ किलोचं वजन, सिमेंटच्या दोन पोत्यांना थोडं जास्त. अंदाजासाठी एक क्विंटल धरला तरी चालतो.)

विटांचा कठडा: ए पासून २ मीटरपर्यंत बीमवर नऊ इंची, एक मीटर उंच भिंत आहे. विटकामाचं वजन घनमीटरला सुमारे २० किलोन्यूटन. ०.२३ गुणिले १ गुणिले २० म्हणजे ४.६. दोन्ही बाजूंचा गिलावा धरून मीटरला ५ किलोन्यूटन. दोन मीटरचे १०.

टाकी: १००० लिटर पाणी म्हणजे १००० किलो, साधारण १० किलोन्यूटन. टाकी अशा दोन बीमवर बसली आहे, म्हणून आपल्या बीमच्या वाट्याला ५. रिकाम्या टाकीचं वजन इथं मी सोडून दिलंय, तुम्ही साइटवर सोडू नका. ती ए पासून ३ मीटरवर आहे. खरी टाकी एका ठिपक्यावर बसत नसते, पण बैठक आखूड असली तर ठिपका धरून भागतं.

आता आकृती. भिंती काढायच्याच नाहीत. बीम म्हणून एक आडवी रेघ ओढा, भिंतीच्या जागी ए ला वर जाणारा बाण आणि बी ला वर जाणारा बाण काढा. त्यांना आरए आणि आरबी म्हणा. ओझ्यांचे बाण खाली. भिंत पुसून तिच्या जागी तिनं लावलेलं बल ठेवायचं, इतकंच. ह्यालाच फ्री बॉडी डायग्रॅम म्हणतात. ज्यांना हे 'वेळखाऊ' वाटतं त्यांच्या उत्तरपत्रिका मी तपासल्या आहेत.

पसरलेलं ओझं, म्हणजे यूडीएल, मोमेंट घेताना एका बाणात गोळा करता येतं. कठड्याचे १० किलोन्यूटन त्याच्या *स्वतःच्या* मध्यावर, म्हणजे ए पासून १ मीटरवर. बीमच्या स्वतःच्या वजनाचा १ किलोन्यूटन २ मीटरवर. हे गोळा करणं चालतं, कारण अनेक बलांच्या मोमेंटची बेरीज ही त्यांच्या एकत्रित बलाच्या मोमेंटइतकीच असते. वारिन्याँ नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं १६८७ मध्ये हे मांडलं, म्हणून प्रमेयाला त्याचं नाव. पण ही सवलत फक्त रिॲक्शनपुरती. पुढं बेंडिंग मोमेंट (बीमला आतून वाकवणारं मोमेंट) काढताना यूडीएल गोळा करून बसलात तर उत्तर बिघडेल.

अंदाज लिहा. डाव्या बाजूला १०, उजव्या बाजूला ५, मध्यावर १. म्हणजे 'ए जास्त', नऊ-दहाच्या आसपास.

मोमेंट ए भोवती घेऊ. ए निवडल्यावर आरए चं अंतर शून्य होतं आणि तो समीकरणातून बाहेर पडतो. एका समीकरणात एकच अनोळखी उरला. ओझी बीमला घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवू बघतात, त्याला सुलट म्हणू. आरबी उलट फिरवतो. सुलट आणि उलट सारखे व्हायला हवेत:

१० × १ + १ × २ + ५ × ३ = आरबी × ४

१० + २ + १५ = २७, म्हणून आरबी = ६.७५ किलोन्यूटन.

उभी बलं: एकूण ओझं १० + १ + ५ = १६. आरए = १६ − ६.७५ = ९.२५ किलोन्यूटन.

आडवं बल काहीच नाही, म्हणून पिनवरची आडवी रिॲक्शन शून्य. तेही लिहा, नुसतं गृहीत धरून पुढं जाऊ नका.

'बेरीज जुळली' हा पुरावा नाही

सगळ्यात जास्त वेळ मी इथं घालवतो. पोरं ९.२५ आणि ६.७५ ची बेरीज करतात, १६ येते, 'चेक ओके' लिहून वही मिटतात. अरे, आरए तू १६ मधून वजा करूनच काढलास ना? मग बेरीज १६ येणारच. आरबी कितीही चुकलेला असला तरी येणार. पाकिटातले पैसे एकूणातून खर्च वजा करून लिहायचे आणि मग हिशोब जुळला म्हणून खूश व्हायचं, तसा हा प्रकार.

करून बघा. समजा टाकीचं अंतर ३ ऐवजी चुकून २ घातलं. १० + २ + १० = २२, आरबी ५.५, आरए १०.५. बेरीज? बरोबर १६. चूक गुपचूप बसून राहिली.

खरा पडताळा बी भोवती मोमेंट घेऊन करायचा, अंतरं आकृतीवरून नव्यानं वाचून. बी पासून कठड्याचा मध्य ३ मीटर, बीमचा मध्य २, टाकी १:

१० × ३ + १ × २ + ५ × १ = आरए × ४

३७ भागिले ४ म्हणजे ९.२५. हा आरए आरबी ला न विचारता आला. आता १६ ची बेरीज जुळली तर तिला किंमत आहे.

पण हाही पडताळा एका चुकीपुढं हात टेकतो. एका मुलानं कठड्याचे १० किलोन्यूटन कठड्याच्या मध्यावर न ठेवता बीमच्या मध्यावर ठेवले. ए भोवती २० + २ + १५ = ३७, आरबी ९.२५. बी भोवती २० + २ + ५ = २७, आरए ६.७५. दोन्ही बाजूंनी काढलं, बेरीज १६, सगळं टापटीप, आणि उत्तर तंतोतंत उलटं! हे मी मुद्दाम जुळवलेलं नाही, आकडे पडलेच तसे. समजच चुकली असेल तर ती दोन्ही समीकरणांत तीच चूक करून येते. त्याला पकडलं ते वहीच्या कोपऱ्यातल्या 'ए जास्त' ह्या दोन शब्दांनी. हातचा आकडा चुकला तर दुसरं मोमेंट पकडतं, समज चुकली तर कावड पकडते. दोन्ही लागतात.

ओझ्याचे बाकीचे प्रकार

त्रिकोणी ओझं, एका टोकाला शून्य आणि दुसऱ्या टोकाला सगळ्यात जास्त. एकूण ओझं त्रिकोणाचं क्षेत्रफळ, आणि ते शून्याच्या टोकापासून दोन-तृतीयांश अंतरावर. तीन मीटरच्या बीमवर ए ला शून्य आणि बी ला मीटरला ६ किलोन्यूटन असेल तर एकूण ९, ए पासून २ मीटरवर. आरबी ६, आरए ३. दाराच्या लिंटेलवर (दारावरच्या आडव्या बीमवर) विटकामाचा त्रिकोण येतो तो मध्यावर टोकदार असतो, तिथं सरळ अर्धं-अर्धं.

तिरकं बल आलं तर आधी त्याचे दोन तुकडे करा, उभा आणि आडवा. चार मीटरच्या बीमच्या मध्यावर आडव्या रेषेशी ३० अंशात १० किलोन्यूटन लागलं तर उभा तुकडा ५ आणि आडवा ८.६६. उभ्याचे २.५ आणि २.५. आडवे ८.६६ पूर्णपणे पिनवर, रोलर त्यातलं काही घेत नाही.

नुसतं मोमेंट, म्हणजे कपल, लावलेलं असेल तर पोरं बावचळतात, कारण अंतर कशाशी गुणायचं ते कळत नाही. कशाशीच नाही. ते आधीच बल गुणिले अंतर आहे. बीमवर कुठंही लावा, वाटणी तीच. चार मीटरच्या बीमवर १२ किलोन्यूटन-मीटरचं सुलट कपल असेल तर आरबी वरच्या दिशेनं ३ आणि आरए खालच्या दिशेनं ३.

चालतं ओझं: आठ मीटरच्या मोरीवरून उसाच्या ट्रॉलीचा ६० किलोन्यूटनचा आख जातोय. तो ए वर असताना आरए ६०, दोन मीटर पुढं ४५, मध्यावर ३०, बी वर शून्य. सरळ रेषेत उतरत जातं. हीच रेषा ६० ऐवजी १ च्या ओझ्यासाठी कागदावर काढली की तिलाच इन्फ्लुअन्स लाइन म्हणतात, नाव भारी आहे इतकंच.

गाडी उलाळ झाली

आरए खालच्या दिशेनं ३, म्हणजे उणे ३. उणे उत्तर आलं की निम्मी पोरं खोडतात आणि अधिक करून टाकतात. त्यांना मी बैलगाडीत बसवतो.

बैलगाडी म्हणजे दोन टेकूंचा बीमच. एक टेकू आख, दुसरा टेकू बैलांच्या मानेवरचं जू. समजा जू आणि आखात ३ मीटर अंतर आहे आणि गाडीत ६०० किलो माल. मालाचा मध्य आखाच्या २० सेंटिमीटर पुढं असेल तर जुवावर ६०० गुणिले ०.२ भागिले ३, म्हणजे ४० किलो. बैलांना तेवढं चालतं. माल मागं सरकला आणि मध्य आखाच्या २० सेंटिमीटर मागं गेला तर जुवावर उणे ४०. म्हणजे काय? जू वर उचललं जातंय, गाडी उलाळ झाली. बैलांच्या गळ्यातले जोते ताणले जातात आणि गाडीवान ओरडत पुढं सरकून बसतो. त्याचं पुढं बसणं हाच उणे रिॲक्शनवरचा उपाय. दोन चाकी ट्रॉलीत ऊस मागं जास्त लादला की ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांचा रस्त्यावरचा दाब कमी होतो, तेही हेच.

टेकूच्या बाहेर डोकावणाऱ्या बीमला ओव्हरहँगिंग म्हणतात. बाल्कनीचं उदाहरण घेऊ. ए आणि बी मध्ये ३ मीटर, बी च्या पुढं १.५ मीटर बाहेर. सगळ्या ४.५ मीटरवर मीटरला २ किलोन्यूटन, आणि बाहेरच्या टोकावर ६.

पसरलेलं एकूण ९, ए पासून २.२५ मीटरवर. ए भोवती:

९ × २.२५ + ६ × ४.५ = आरबी × ३

२०.२५ + २७ = ४७.२५, आरबी = १५.७५.

एकूण ओझं १५ आणि एकटा बी च १५.७५ घेतोय! पडताळा बी भोवती: पसरलेलं ओझं बी च्या ०.७५ मीटर आत आहे, ते ६.७५ नं उलट फिरवतं. टोकावरचं ६ हे १.५ मीटर बाहेर, ते ९ नं सुलट. आरए ला उरलेलं भरायचंय: आरए × ३ = ६.७५ − ९ = −२.२५. आरए = −०.७५.

ए ला बीम भिंतीवरून उठतोय. त्याला खालून टेकू देऊन काही होणार नाही, वरून दाबून धरायला पाहिजे. भिंतीत बोल्ट सोडा, नाहीतर त्या टोकावर पुरेसं वजन येईल असं बघा. ७६-७७ किलो म्हणजे फार नाही, पण बाल्कनीत गणपतीची मिरवणूक बघायला घरातली सगळी माणसं कठड्याशी जमतात तेव्हा हा आकडा कुठल्या कुठं जातो. राहत्या खोल्यांसाठी आयएस ८७५ (इमारतींवरच्या ओझ्यांचं भारतीय मानक) च्या दुसऱ्या भागात चौरस मीटरला २ किलोन्यूटन लाइव्ह लोड, म्हणजे माणसं-सामानाचं ओझं, धरायला सांगितलंय, बाल्कनीला त्याहून जास्त. ते आकडे तिथूनच घ्यायचे, 'चार माणसं उभी राहतील' अशा हिशोबानं नाही.

घरी दोन काटे आणले तर

पटत नसेल तर करून बघा. वजन करायचे दोन काटे शेजाऱ्यांकडून आणा, माणसाचं वजन करायचे चालतील. दोन्हींवर मधोमध एकेक पेन आडवं ठेवा आणि त्यावर फळी, पेनांतलं अंतर १.२ मीटर. पेन ठेवायचं कारण असं की फळी काट्याच्या सगळ्या अंगावर टेकली तर अंतर नेमकं कुठून मोजायचं ते कळत नाही. आधी नुसत्या फळीचे दोन आकडे लिहून घ्या. मग पाण्याची बादली, बादलीसकट १० किलो, डाव्या पेनापासून ३० सेंटिमीटरवर ठेवा. फळीचे आकडे वजा केल्यावर डावीकडं ७.५ आणि उजवीकडं २.५ च्या आसपास दिसेल. बादली हळूहळू सरकवत न्या आणि आकडे बघा. घरगुती काटे पाव-अर्धा किलो इकडंतिकडं दाखवतात, त्यावरून मला फोन करू नका.

आकडा निघाला, पुढं काय

ह्या आकड्याचं पहिलं गिऱ्हाईक भिंत. टाकीच्या बीमची आरए ९.२५ किलोन्यूटन, म्हणजे ९२५० न्यूटन. २०० च्या आय-बीमची पट्टी १०० मिलिमीटर रुंद आणि भिंतीवर १०० मिलिमीटर बसलेली. टेकण्याची जागा १०,००० चौरस मिलिमीटर. ९२५० भागिले १०,००० म्हणजे ०.९२५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. साध्या स्थानिक विटांच्या भिंतीवर मी ०.५ च्या वर जायला तयार होत नाही. चुन्या-मातीत बांधलेली जुनी भिंत असेल आणि खानापूरकडचा पावसाळा तिनं अंगावर घेतलेला असेल तर त्याच्याही बरंच खाली थांबतो. मग बीमच्या टोकाखाली काँक्रीटचा ठोकळा घालायचा, समजा ३०० बाय २३० मिलिमीटरचा. ९२५० भागिले ६९,०००, ताण ०.१३४ वर आला. बी च्या टोकाला ६.७५ आहे म्हणून तिथं ठोकळा नको असं करू नका, तिथंही ०.६७५ भरतो. टाकी उद्या कोणी सरकवली तर दोन्ही आकडे पुन्हा बदलणार आहेत.

विहिरीवर मामानं दुसऱ्या दिवशी जवळच्या काठावर एक जाड ओंडका काठाला समांतर टाकला, त्यावर गर्डर ठेवला आणि मोटर वर काढली. मला त्यानं लांबच्या काठावर, ४८ किलोच्या बाजूला, उभं केलं होतं.